कानातल्या यंत्राची सुट्टी

तेवीस ऑक्टोबर, सोमवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. खिडकीखालच्या पाटावर अठ्ठावीस अवजारे ओळीने मांडून झाली होती आणि फोरमन एकोणतिसाव्याच्या जागेकडे पाहत उभे होते.

खंडेनवमी होती. वर्षभर माणसाच्या हाताखाली राबणाऱ्या लोखंडाला या एका दिवशी माणसाने हात जोडायचे, आणि दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत त्याला कामाला लावायचे नाही, असा त्या घराचा नेम. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले, कानशींचे दात घासून स्वच्छ केलेले, मायक्रोमीटर आपल्या लाकडी पेटीत झाकण उघडून पहुडलेला. शिवणयंत्र पाटावर मावत नाही म्हणून त्याच्या वतीने त्याची कात्री हजर होती. लेकीने आपला लॅपटॉप आणून ठेवला होता व त्यावर झेंडूचे एक फूल. फोनला अवजार म्हणावे की व्यसन, यावर बापलेकीचे एकमत न झाल्यामुळे तो तेवढा पाटाबाहेर राहिला.

फोरमननी उजव्या कानामागचे यंत्र काढले, बॅटरीचे इवले झाकण उघडे ठेवले आणि ते कात्रीशेजारी मांडले.

त्यासरशी घर दूर गेले. पंखा फिरत होता, पण फिरण्याचा नुसता देखावा करीत होता. लेकीच्या हातून वाटी निसटली, जमिनीवर गरगरली आणि थांबली. जणू पाण्याखाली कोणी नाणे टाकावे. फोरमननी हात जोडले. या शांततेची त्यांना भीती नव्हती. उलट वर्षातून एकदा माहेरी यावे तसे ते तिच्यात येत.

कापडगिरणीच्या मागखात्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. आधी फिटर, मग फोरमन. निवृत्त झाल्यावर गिरणीतले सगळे सुटले, ही पदवी तेवढी गल्लीने त्यांच्या नावाच्या जागी कायमची बसवली. तीनशे माग एका छपराखाली धडधडू लागले की तिथे आवाज हा आवाज राहत नसे, त्याची भिंत होई. त्या भिंतीपलीकडे बोलायचे तर एकच वाट होती : ओठांची. मागखात्यातली माणसे आवाज न काढता बोलत. ज्याच्याशी बोलायचे त्याच्या नजरेच्या टप्प्यात यायचे, हनुवटीला दोन बोटे लावायची, म्हणजे ही हाक झाली, आणि मग शब्द ओठांवर सावकाश मांडायचे. भांडणे अशीच होत, थट्टा अशीच होई. फोरमनचे लग्नही असेच ठरले होते. सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका मुलीने चार मागांपलीकडून हनुवटीला बोटे लावून विचारले होते, "रोज बघताच नुसते, की विचारणार आहात काही?"

पुढे गिरणीने त्यांचे कान ठेवून घेतले. यंत्र आले तेव्हा पत्नीने पहिल्याच खंडेनवमीला ते त्यांच्या कानामागून अलगद काढले होते. "यंत्रच आहे ना हे? मग याला काय पाप लागलंय? याचीही सुट्टी." तेव्हापासून नवमीचा दिवस त्या दोघांचा झाला. येणारेजाणारे समजत, की फोरमन आज ठार बहिरे आहेत. आणि ती समोर बसून, पाहुण्यांना सुपारी देता देता, त्याच पाहुण्यांविषयी ओठांनी असे काही सांगे की फोरमनना खोकल्याचे सोंग घ्यावे लागे. या विद्येबद्दल घरात कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. पत्नी जाऊन आता तीन वर्षे झाली होती. एका भाषेची दोनच माणसे, त्यांतले एक गेले. राहिलेल्याने बोलायचे कोणाशी?

दहाच्या सुमारास त्यांची धाकटी बहीण आली, लेकीची आत्या. जिना चढून तिला धाप लागली होती, तरी तोंड चालूच होते. हे दारातूनच दिसले. तिने भावापुढे वाकून नमस्कार केला, पाटाला केला, आणि खुर्चीत बसता बसता गुडघ्यांनाही दोन शब्द सुनावले. फोरमन खिडकीजवळच्या आरामखुर्चीत टेकले. खाली रस्ता धुतल्यासारखा मोकळा होता. दुकानांची दारे अर्धी ओढलेली, एका टॅक्सीच्या नाकावर हार, आणि तिचा चालक तिच्याकडे असा पाहत होता जसे लग्नाच्या मुलीकडे पाहतात. उद्या दसरा. सरकारी सुट्टी. कार्यालये थेट बुधवारी उघडायची. सुट्टीच्या आदल्या दिवसाचे ऊन कामाच्या दिवसापेक्षा नेहमीच जरा जास्त पिवळे असते, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या पिवळेपणात त्यांचा डोळा लागला.

मागखाते रिकामे होते. तीनशे माग झेंडूच्या माळा घालून उभे, आणि त्यांवरून दुधासारखे पांढरे कापड आपोआप उतरत होते, न थांबता, न आवाज करता. त्या कापडापलीकडे पत्नी उभी होती. हनुवटीला बोटे नव्हती. म्हणजे ती त्यांच्याशी बोलत नव्हती. कोणा दुसऱ्याशी बोलत होती. त्यांनी ओठांकडे निरखून पाहिले. खालचा ओठ किंचित डावीकडे ओढून ती म्हणत होती, "नाही जात मी. ठरलंय माझं."

फोरमननी डोळे किलकिले केले. कापडाच्या जागी पडदा होता. पडद्याच्या उजेडात लेक बसली होती आणि तिचा खालचा ओठ किंचित डावीकडे ओढलेला होता.

"पण निवडलंय ना त्यांनी तुला?" आत्या विचारत होती.

"निवडलंय. चौदा महिन्यांसाठी. आज रजा टाकलीय, बुधवारी ऑफिस उघडलं की 'नाही' म्हणून कळवून टाकते."

लेकीचे काम फोरमनना ठाऊक होते. समुद्राचे नकाशे बनवणाऱ्या कार्यालयात ती बसे. जहाजे ध्वनीचा ठोका पाण्यात सोडतात, तळावरून तो परत यायला किती वेळ लागला यावरून खोली काढतात, आणि ती खोली लेक नकाशावर उतरवते. दुसऱ्याने घेतलेली मापे आपण रेखाटायची याचा तिला किती कंटाळा येतो, हेही ठाऊक होते. कॉलेजात असल्यापासून तिला त्या जहाजावर जायचे होते. निवड झाल्याचे मात्र तिने घरात एका शब्दाने सांगितले नव्हते.

"मी म्हणते, बरंच झालं," आत्या म्हणाली. "चौदा महिने पाण्यात राहायला तू काय मासोळी आहेस? इथे नळाचं पाणी दोन तास गेलं तर घर डोक्यावर घेतेस."

लेक हसली नाही. आत्याने मान पुढे काढून तिच्याकडे पाहिले.

"अगं, रडतेस काय? जायचं होतं का तुला एवढं?"

"दहा वर्षं वाट बघितली, आत्या."

"मग जा की! तुझ्या बापाला काय, मी बघीन. रोज येईन."

"तू रोज हा जिना चढणार? आत्ता येऊन तुझी धाप अजून बसली नाहीये." लेकीने डोळे पुसले, तेवढे दोन शब्द तिच्या हातामागे गेले. "...स्वयंपाकाचं नाही गं. ते माझ्यापेक्षा चांगला करतात. शेजारचे आहेत, डॉक्टर जवळ आहे. पण जहाजावरून फोन म्हणजे आवाज असा तुटत तुटत येतो. इथे समोर बसून, यंत्र कानात असताना, मी एक गोष्ट तीनदा सांगते तेव्हा कुठे पोचते. आई गेल्यापासून या घरात बोलणारी मी एकटी आहे. घरातला आवाजच उचलून घेऊन गेल्यासारखं होईल ते. कशी जाऊ?"

"दादाला विचारून तरी बघ."

"मुळीच नाही. आणि तूही बोलायचं नाहीस, शपथ आहे तुला. त्यांना कळलं की ते मला बॅगेसकट जिन्याखाली सोडून येतील. 'माझं छान चाललंय' म्हणतील. आणि मग इथे बसतील, मुक्यासारखे, पंख्याकडे बघत."

"त्याला कुठून कळणार?" आत्याने फोरमनकडे अंगठा केला. "पुढ्यात ढोल बडवला तरी म्हणेल, आज गल्ली कशी शांत आहे!"

फोरमनना हसू आले. ते जुन्या सवयीने खोकले आणि डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले की त्यांचे दोन्ही कान मिटत. त्या दुहेरी अंधारात त्यांनी हिशेब मांडला, जसा बिघडलेल्या मागापुढे उभे राहून मांडीत. मोठ्याने "जा" म्हणावे? यंत्राशिवाय त्यांचा आवाज चार घरांपलीकडे जाई, हा भाग वेगळा. पण त्या उत्तराचे उत्तर लेकीने आधीच तयार ठेवले होते. 'बाबा हट्टाने म्हणताहेत.' आणि ते खोटेही नव्हते.

दुसरा मार्ग होता, आणि तो फार सोपा होता. काहीच करायचे नाही. डोळे मिटून पडायचे. बुधवारी एक 'नाही' जाईल आणि सगळे होते तसे राहील. संध्याकाळी दाराची कडी हलेल, चहाचे दोन कप होतील. त्यांनी पाहिले आहे हे कोणाला कधी कळणार नाही. फोरमन त्या सोप्या मार्गावर बराच वेळ उभे राहिले. तिथे सावली होती.

पण लेक म्हणाली होती, की तिचा आवाज पोचणार नाही. आणि ते चूक आहे, हे सिद्ध करणारी एकच वस्तू जगात होती. ती त्यांच्याजवळ होती. दोघांच्या संसारातली, कुलूप लावून ठेवलेली. ती तिसऱ्याच्या हाती दिली की नवमीचा दिवस पूर्वीसारखा दोघांचा राहणार नव्हता. त्यांनी मनातल्या मनात पत्नीची परवानगी मागितली. ती काय म्हणाली ते दिसले नाही. तिने चेहरा फिरवलेला होता. मात्र खांद्यांवरून ती हसत असावी असे वाटले.

त्यांनी डोळे उघडले, लेकीच्या नजरेच्या टप्प्यात यावे म्हणून पुढे सरकले, आणि हनुवटीला दोन बोटे लावली.

लेक उठली आणि पाण्याचा पेला घेऊन आली.

आणलेच आहे तर फोरमननी पाणी प्यायले. पेला खाली ठेवून पुन्हा बोटे हनुवटीला लावली आणि आवाज न काढता ओठांवर शब्द मांडला : जा.

"काय होतंय, बाबा? घसा बसलाय का?" तिने वाकून आपला कान त्यांच्या तोंडाशी आणला.

हीच तर ऐकणाऱ्यांची खोड. फोरमननी तिचा खांदा धरून तिला हातभर मागे सारले. ऐकायला जवळ यावे लागते, पाहायला अंतर लागते. मग सावकाश, एकेक शब्द नीट कापून, त्यांनी तिचेच वाक्य तिच्यापुढे ठेवले. घरातला. आवाजच. उचलून घेऊन. गेल्यासारखं.

लेकीचा हात तोंडावर गेला.

फोरमननी मान हलवली. आता मात्र ते मोठ्याने बोलले, आणि आत्या खुर्चीत दचकली. "हात काढ. हात ठेवलास की मी बहिरा."

हात खाली आला. तिचे ओठ थरथरत होते, आणि थरथरणारे ओठ वाचायला फार कठीण असतात. "किती... कळलं?"

"सगळं. हिचा ढोलसुद्धा."

आत्याचा चेहरा असा झाला की तो वाचायला कोणतीही विद्या लागली नसती. "अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं... दादा, तुझ्या साठीला मी स्वयंपाकघरात वहिनीबद्दल जे बोलले, ते?"

"तेव्हा तू दाराकडे तोंड करून बोलत होतीस," फोरमन म्हणाले. "आता सांगतेस म्हणून कळलं."

लेक हसली आणि त्याच वेळी रडली. पण ती होती मापाच्या धंद्यातली. नुसत्या चमत्कारावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिने नाक पुसले, फोन घेतला, आत्याचा फोन उघडून तिच्या हातात दिला, त्याचा आवाज शून्यावर आणला, आणि पायात चपला सरकवून जिना उतरून गेली. फोरमननी खिडकीतून पाहिले. रस्ता ओलांडून ती हार घातलेल्या टॅक्सीपाशी उभी राहिली. चालकाने तिला जागा करून दिली.

मग आत्याच्या हातातल्या पडद्यावर तिचा चेहरा उमटला.

चित्र स्थिर नव्हते. मध्येच गोठे, मध्येच चौकोनांचे होई. ओठ एका शब्दावर उघडे राहत आणि थेट पुढच्या शब्दावर मिटत. फोरमननी चष्मा वर सरकवला. समोरचा रस्ता, ऊन, हार आणि बहिणीचा फोन धरलेला हात, सगळे हळूहळू विरघळत गेले. राहिले ते दोन ओठ, पाण्याच्या तळाशी दिसावेत तसे.

"हात हलवू नकोस," ते बहिणीला म्हणाले.

"मी नाही हलवत, माझं काळीज हलतंय."

लेक बोलत होती. काही शब्द निसटले. फोरमननी तर्जनी गोल फिरवली, पुन्हा. ती पुन्हा बोलली, या वेळी सावकाश, आणि सुरुवात करण्याआधी तिने हनुवटीला दोन बोटे लावली. तिला हे कोणी शिकवले नव्हते. आताच, पाण्याच्या पेल्याबरोबर, ती शिकली होती.

"आई जेवताना तुमच्याशी असंच बोलायची ना? मला वाटायचं, ती घास चावतेय आणि तुम्ही उगाच हसताय." चित्र गोठले, सुटले. "मला त्यातला एकच शब्द ओळखता यायचा. 'अहो'."

ओठांचा तो उघडून गोल होणारा आकार पडद्यावर आला आणि तिथेच गोठला. बाहेर टॅक्सीचालक चाकावर पाणी शिंपडत होता. फोरमन त्या गोठलेल्या शब्दाकडे पाहत राहिले. आणि नेटवर्क नावाच्या गोष्टीला त्यांनी जन्मात पहिल्यांदा मनापासून धन्यवाद दिले.

"काय म्हणतेय?" आत्याने त्यांना कोपराने ढोसले. "सांग की!"

"हवा छान आहे म्हणते."

"एवढंच? मेलीला हे सांगायला रस्ता ओलांडावा लागला?"

चित्र पुन्हा हलले. लेकीचा चेहरा आता गंभीर होता. "एकटं वाटेल का तुम्हाला? खरं सांगा."

'नाही' हा शब्द ओठांवर मांडायला सोपा असतो. पण ज्या भाषेत फोरमननी कधी खोटे सांगितले नव्हते, तिचा पहिलाच धडा लेकीला खोट्याने कसा द्यायचा?

"वाटेल," ते ओठांनी म्हणाले. "तुझी आई गेली तेव्हापासून वाटतं. तू घरात असतानाही वाटतं. ते तुझ्या जाण्याचं नाही, आणि तुझ्या राहण्यानं भरणारंही नाही. तू जा. फोनवर तोंड दाखव. आवाजाचं काय व्हायचं ते होऊ दे."

रस्त्यापलीकडे तिने फोन डोळ्यांजवळ धरला. इतके लांब वाक्य तिला कळले असेल का, याची फोरमनना शंका होती. नव्या माणसाला दहातले तीन शब्द मिळाले तरी पुष्कळ. मग तिने तर्जनी वर केली आणि गोल फिरवली. पुन्हा.

फोरमननी पुन्हा सांगितले. ती पुन्हा बोट फिरवी, ते पुन्हा सांगत. आत्याचा हात दुखला, तिने फोन दुसऱ्या हातात घेतला, आणि 'बापलेक दोघंही मासे झालात' असे काहीतरी पुटपुटली. पण तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. चौथ्या की पाचव्या खेपेला लेकीने बोट फिरवले नाही. तिने फोन खाली घेतला, वर खिडकीकडे पाहिले, आणि एवढ्या अंतरावरूनही फोरमनना स्वच्छ दिसले, की ती काय म्हणाली. ती म्हणाली, "जाते."

दसऱ्याच्या सकाळी पाट हलला. फोरमननी यंत्र कानामागे बसवले. पंख्याला आवाज आला, वाटीला आला, आणि आत्याला तर दुप्पट आला. कारण ती आता भावाकडे पाठ फिरवूनच बोलू लागली होती. बुधवारी दहा वाजता लेकीने लॅपटॉप उघडला आणि उत्तर कळवले. निघायला सहा आठवडे होते. रोज जेवताना ती फोरमनपुढे बसे, आणि फोरमनचे यंत्र काढून ठेवून दोघे अभ्यास करीत. तिच्या 'प' आणि 'ब' यांत फरक नसे, तो कोणाच्याच ओठांवर नसतो. बाकी तिची प्रगती समाधानकारक होती. खालचा ओठ डावीकडे ओढायची आईची लकब तिला न शिकवता येत होती आणि फोरमननी ती तिला दाखवून दिली नाही.

मग ती गेली. जाण्याच्या दिवशी विशेष काही घडले नाही. संध्याकाळी फोरमननी सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला, आणि चहा जरा कडक केला.

जानेवारीतल्या एका दुपारी फोन थरथरला. पडद्यावर आधी नुसता निळसर करडा उजेड आला. मग त्यातून लोखंडी भिंत, दोऱ्याने बांधलेला दिवा, आणि टोपीखाली लेकीचा चेहरा. तिच्यामागे सगळेच किंचित डोलत होते, त्यामुळे फोरमनची खोलीही डोलू लागली. आवाज येत होता, पण तो शब्दांचा नव्हता. कोणी दूरवर पत्रा ओढावा तसा. फोरमननी यंत्र काढून मांडीवर ठेवले.

लेकीने हनुवटीला दोन बोटे लावली. काल रात्रपाळी होती, ती म्हणाली. मोजणीचे प्रमुख झोपले होते, यंत्रावर ती एकटी होती. ठोका तिने सोडला, परत येईपर्यंत तिने श्वास रोखला होता, आणि पडद्यावर आलेले माप तिने स्वतःच्या हाताने नोंदवले. तिचे पहिले.

"किती?" फोरमननी ओठांनी विचारले.

चित्र गोठले. ते थांबले. मग ओठ सुटले आणि तिने आकडा सांगितला. त्यांनी तर्जनी गोल फिरवली, तिने पुन्हा सांगितला, आणि या वेळी एकही अक्षर निसटले नाही.

चार हजार एकशे बासष्ट मीटर.